मामलेदार नावाचा दगड

आमच्या पालीकडे दगड म्हणजे जांभा, नाहीतर काळा कातळ. तिसरा दगड असतो हे मला ठाऊकच नव्हतं. सन तीसच्या आधी मी शाळामास्तर म्हणून जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला गेलो, तेव्हा तो पहिल्यांदा पाहिला. त्या वेळी आमचा रत्नागिरी जिल्हा खाली वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला होता आणि पालीच्या माणसाला तिकडची बदली म्हणजे परदेशी गेल्यासारखंच. बोली वेगळी, हेल वेगळा, भाताच्या जातीसुद्धा वेगळ्या.

गावापासून घाटाच्या अंगाला तासभर चाललं की दाट रान लागायचं. ऐन, किंजळ, मध्येच बांबूची बेटं. त्या रानात एका उतारावर वाळूचे दगड पडलेले होते. कुठला बैलाएवढा, कुठला गोठ्याएवढा. रंग पिवळट, कुठे कुठे तांबूस, आणि हाताला असे खरखरीत की भाजलेला रवा दाबून बसवलाय असं वाटावं. गावची माणसं तिकडे फारशी फिरकत नसत. कोयत्याला धार लावायला तो दगड चांगला, म्हणून वर्षाकाठी कुणीतरी जाऊन एखादा तुकडा फोडून आणी, तेवढंच.

माझ्याबरोबरच त्या शाळेत आणखी एक मास्तर रुजू झाला होता. तो खास रत्नागिरी शहरातला. घरची आंब्याची कलमं, वडील वकिलीतून निवृत्त झालेले, लहानपणापासून तालमीत मल्लखांब केलेला. आम्ही दोघं एकाच शेतकऱ्याच्या पडवीत राहायचो. घरमालक म्हातारा होता, त्याची दोन्ही मुलं मुंबईला गिरणीत. संध्याकाळी तो पडवीत येऊन बसायचा आणि आम्ही काय खातो, काय वाचतो ते बघत राहायचा.

पहिल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही दोघं फिरत फिरत त्या दगडांपाशी पोचलो. मित्राने धोतराचा काचा मारला, वहाणा काढल्या आणि एका दगडावर सरळ चढून गेला. वरून म्हणाला, "ये की." मी गेलो. माझे गुडघे फुटले, पण गेलो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही तिथेच होतो.

मग दर रविवारी तेच. लहान दगड, मोठे दगड, सोप्या बाजूने झाले की अवघड बाजूने. हाताला घाम सुटायचा म्हणून चुलीतली राख फडक्यात बांधून न्यायला लागलो. खाली पडलो तर लागू नये म्हणून शेजारच्या मळ्यातून पेंढा आणून पसरायचो. दगडांना नावं ठेवली. एक गुळगुळीत उतरता होता तो पाटा. एक पोटाशी खोल गेलेला, त्याला आम्ही हलवाई म्हणायचो. आणि सगळ्यांत वरच्या अंगाला, किंजळीच्या झाडाशेजारी, दोन पुरुष उंचीचा एक दगड होता, तो मामलेदार. त्याच्यापुढे कुणाचंच काही चालायचं नाही, म्हणून हे नाव.

म्हाताऱ्याला आमचं काही कळेना. एकदा त्याने विचारलं, "मास्तरानू, त्या दगडांनी तुमचा काय घेतला?" आम्ही खूप हसलो. त्या वेळी आम्ही कशालाही हसायचो.

मी हे सगळं सांगतो आहे कारण तोपर्यंतच्या माझ्या आयुष्यात कुणी मला कशातही बरोबरीचा धरलं नव्हतं. घरात मी चौथा. शाळेत मधल्या बाकावरचा. त्या रानात मात्र शहरातल्या वकिलाचा मल्लखांब केलेला मुलगा माझ्याकडे वळून विचारायचा, "आता डावा पाय कुठे ठेवू?" आणि मी सांगेन तिथे ठेवायचा. मला पायाची जागा दिसायची. त्याच्यात ताकद होती आणि मला नजर होती, असं तोच म्हणायचा.

मामलेदारापुढे मात्र दोघांचंही डोकं चालेना. खालची अर्धी चढण जमायची. बोटं जातील एवढी एक भेग, मग सुपारीएवढा उंचवटा, त्यावर पायाचा अंगठा रोवून वर गेलं की हात माथ्याच्या काठाला लागायचा. आणि तिथे संपलं. काठ गोल, कलिंगडासारखा, धरायला काही नाही. ओढून वर जायचं म्हटलं की हात सरकायचे आणि पेंढ्यात पडायचो. दोन हिवाळे आम्ही तसे पडत होतो.

तिसऱ्या वर्षी मी बायकोला तिकडे आणली आणि त्याच घराच्या मागच्या दोन खोल्या घेतल्या. मित्र पडवीतच राहिला. पौषात त्याच्या बहिणीचं लग्न ठरवायचं होतं म्हणून तो आठवडाभर रत्नागिरीला गेला. मधल्या रविवारी मी एकटाच रानात गेलो. सकाळ चांगली गार होती. दगड कोरडा आणि थंड, आणि थंड दगडाला हात कसा चिकटतो ते चढणाऱ्यालाच कळतं. एकदा पडलो. दुसऱ्यांदा काठापाशी पोचलो तेव्हा ओढायचं सोडून मी तळहात उलटा टेकला, बोटं स्वतःकडे केली, आणि पाटावरून उठताना जमिनीवर हात दाबतो तसा वरून दाबला. त्याच वेळी उजवी टाच उचलून हाताच्या बाजूला काठावर टाकली. अंग वर गेलं. कसं गेलं ते क्षणभर मलाही समजलं नाही. मी माथ्यावर पालथा पडलो होतो आणि तोंडात वाळू होती.

वर एक उथळ खळगा होता. त्यात पिंपळाचं चार पानांचं रोप. मी तिथे बसून राहिलो. कुणाला हाक मारावी असं फार वाटलं, पण रानात कोण असणार. खूण म्हणून काही ठेवावं हे मनातही आलं नाही. उतरायला दुसरी वाट नव्हती. दगडाची मागची बाजू सरळ तुटलेली. म्हणून किंजळीची जी फांदी माथ्याजवळ आली होती ती धरून मी झाडावर गेलो आणि झाडावरून खाली उतरलो. उतरताना पाय घसरला आणि फांदीची साल वीतभर सोलली गेली.

घरी आलो तेव्हा बायको तांदूळ निवडत होती. मी सांगितलं, "मामलेदार चढलो."

तिने माझे हात हातात घेऊन पाहिले. "रक्त आलंय. हळद लावते."

"अगं, दोन वर्षं जमत नव्हता तो."

"तुम्ही म्हणता तर मोठाच असेल," ती म्हणाली आणि हळदीचा डबा आणायला उठली. तिने माझ्यावर लगेच विश्वास ठेवला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी मित्राची वाट बघत होतो.

तो बुधवारी आला. हातपाय धुवायच्या आधीच मी त्याला सगळं सांगितलं. उलटा तळहात, टाच, सगळं पडवीच्या कट्ट्यावर करून दाखवलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "रविवारी बघू."

रविवारी आम्ही गेलो. तो आधी दगडाभोवती फिरला. मग झाडाखाली उभा राहिला आणि वर बघत म्हणाला, "ही साल कधी निघाली?"

"उतरताना. माझा पाय घसरला."

"उतरताना?"

"हो. मागून उतरता येत नाही. वर गेलास की तुलाही दिसेल."

"वर काय आहे?"

"खळगा आहे. त्यात पिंपळाचं रोप आहे."

तो झाडावर चढला. मल्लखांब केलेल्या माणसाला ते झाड म्हणजे शिडीच. फांदीवर बसून त्याने माथा न्याहाळला आणि खाली उतरला. "रोप आहे," तो म्हणाला. "झाडावरूनही दिसतं."

त्याला काय म्हणायचंय ते मला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा माझे कान तापले. मी म्हटलं, "तुला वाटतं मी झाडावरून गेलो?"

"मला काही वाटत नाही. चढून दाखव, झालं."

मी चढायला गेलो. काठापर्यंत पोचलो, तळहात उलटा टेकला, टाच उचलली आणि पडलो. पुन्हा तेच. पुन्हा तेच. ऊन वर आलं तसा दगड तापला, बोटांची कातडी गेली. तो पेंढा सारखा करून देत होता, मला पाणी देत होता, आणि ते मला त्याने शिव्या दिल्या असत्या त्याहून वाईट वाटत होतं. शेवटी तो म्हणाला, "असू दे. होतं असं कधी कधी. माणूस एकटा असला की वाटतं आपण केलं."

"वाटतं म्हणजे काय? मी चढलोय."

"बरं, चढलास," तो म्हणाला. त्या आवाजात तो वर्गातल्या मुलांशी बोलायचा.

एवढ्यावर थांबलं असतं तर काळाने ते विरलंही असतं. पण त्याच आठवड्यात हेडमास्तरांच्या घरी चहाला बसलो असताना दगडांचा विषय निघाला आणि त्याने ती गंमत म्हणून सांगितली. "आमचे हे मास्तर मामलेदाराकडे झाडाच्या वशिल्याने जातात." सगळे हसले. हेडमास्तरांना ठसका लागला. मीही हसलो, कारण चार माणसांत दुसरं काय करणार. दोन दिवसांत शाळेत माझं नाव फांदीमास्तर पडलं. फळ्यावर कुणीतरी झाड काढून ठेवी. मी एक-दोघांना छड्या मारल्या, तेव्हा ते नाव पक्कं झालं.

माझ्यापर्यंत होतं तोवर मी सोसलं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायको हेडमास्तरांकडे गेली आणि लवकर परतली. काय झालं ते तिने सांगितलं नाही. त्यानंतर ती कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेली नाही. विहिरीवर दुपारी जायला लागली, कुणी नसतं तेव्हा. मी विचारलं तर म्हणायची, "मला गर्दी आवडत नाही." पालीला असताना गर्दीशिवाय तिला करमत नसे.

मित्राशी माझं बोलणं कामापुरतं राहिलं. रविवारी तो एकटाच रानात जायचा. मी पडवीत बसून मुलांच्या वह्या तपासायचो. म्हातारा विचारायचा, "तुमी नाय गेलास?" मी म्हणायचो, पाय दुखतोय.

पुढच्या मार्गशीर्षात शाळा तपासायला डेप्युटी यायचे होते. त्यांना रानावनाची हौस आहे असं हेडमास्तरांनी ऐकलं होतं, म्हणून तपासणी झाल्यावर त्या दगडांपाशी वनभोजनाचा बेत केला. तलाठी आले, रानातला गार्ड आला, गावातली चार प्रतिष्ठित माणसं आली. मला जायचं नव्हतं, पण मास्तर लोकांना न जाऊन चालणार नव्हतं. पिठलं-भात झाल्यावर हेडमास्तर डेप्युटींना म्हणाले, "आमच्याकडे एक दगड आहे, त्यावर अजून कुणी चढलेलं नाही." आणि माझ्याकडे बघून हसू दाबलं.

माझा मित्र उठला. काचा मारला, हाताला राख लावली. त्याने आधी सांगितलं नसलं तरी त्याची तयारी होती हे मला त्याच्या पहिल्या पावलातच दिसलं. भेग, सुपारीएवढा उंचवटा, काठ. काठापाशी तो क्षणभर थांबला. मग त्याने तळहात उलटा टेकला, बोटं स्वतःकडे केली आणि उजवी टाच उचलून हाताच्या बाजूला टाकली.

मी समोरच उभा होतो. त्याचं अंग वर जाताना मी पाहिलं. तो माथ्यावर उभा राहिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, डेप्युटी "शाबास, शाबास" म्हणाले. त्याने सगळ्यांकडे बघून हात जोडले. नजर फिरता फिरता माझ्यापाशी आली आणि तिथून उचलून त्याने ती दुसरीकडे नेली. मग तो किंजळीची फांदी धरून झाडावर गेला आणि झाडावरून खाली उतरला. तो कसा उतरला याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. हेडमास्तर त्याला घालायला रानफुलांची माळ करून घेत होते.

त्या टाचेबद्दल त्याला मी सांगितलं होतं. पडवीच्या कट्ट्यावर, तो प्रवासातून आला होता त्या संध्याकाळी. जो माणूस काठावरून कधी वर गेलाच नाही त्याला ती टाच कुठून सुचणार, एवढा साधा प्रश्न होता. तो काही मूर्ख नव्हता. दगडावर असतानाच त्याला उत्तर मिळालेलं असणार. मी त्या संध्याकाळी वाट बघितली, दुसऱ्या दिवशी बघितली. तो येऊन म्हणेल, की माझी चूक झाली. त्याने चार लोकांत सांगावं अशीही माझी अपेक्षा नव्हती. तो आला नाही.

उन्हाळ्यात त्याची बदली रत्नागिरीच्या मोठ्या शाळेत झाली. कसरत आणि ड्रिल शिकवायला असा तरबेज माणूस हवाच होता, असं डेप्युटींनी शेरा मारून कळवल्याचं हेडमास्तर कौतुकाने सांगत. जाताना तो आमच्या मागच्या खोलीत निरोप घ्यायला आला. माझ्या बायकोने त्याच्यासमोर ताक ठेवलं आणि आत निघून गेली. आम्ही पावसाविषयी बोललो.

मी तिथे आणखी सात-आठ वर्षं काढली. फांदीमास्तराकडे शिकलेली मुलं मोठी होऊन मुंबईला गेली, त्यांची धाकटी भावंडं त्याच नावाने मला ओळखू लागली. त्यांना नावामागची गोष्ट माहीत नव्हती. त्यांना वाटायचं मी छडीसाठी फांदी तोडतो म्हणून. रानात मी पुन्हा गेलो नाही असं नाही. एकदा गेलो. पण चढायची इच्छाच उरली नव्हती. मी चढलो असतो तरी पुन्हा कुणी बघायला नव्हतं, आणि कुणी बघावं असं वाटत राहिलं तर त्या चढण्यात काय राहिलं. पूर्वी कुणी बघावं याची मला गरज नसायची. तसं चढणं त्याने माझ्याकडून घेतलं, आणि हे कुणाला समजावून सांगण्यासारखं नव्हतं.

त्या वर्षांतल्याच एका मे महिन्यात शिक्षणखात्याच्या कामासाठी मला रत्नागिरीला जावं लागलं. काम दुपारी उरकलं. त्याचं घर वाटेवरच होतं आणि न भेटता परतलो असतो तर मला भीती वाटली असं झालं असतं. गेलो. तो अंगाने सुटला होता, पण हात तसेच होते. ओटीवर शाळेतली दोन-तीन माणसं आंबे खायला बसली होती. त्याने मला मिठी मारली. खरोखर आनंद झाला होता त्याला.

"हे माझे दक्षिणेतले सोबती," त्याने पाहुण्यांना सांगितलं. "तो दगड मी सांगतो ना नेहमी, तिथे हे असायचे. ह्यांनीही फार प्रयत्न केले हो."

पाहुण्यांतला एक म्हणाला, "तुमचं नाही जमलं का?"

मी म्हटलं, "ह्यांना विचारा."

तो हसला आणि म्हणाला, "जाऊ द्या, जुन्या गोष्टी." मग दुसरा आंबा पिळायला घेतला.

थोड्या वेळाने मी उठलो. तो मला फाटकापर्यंत पोचवायला आला. दोन्ही बाजूंना कलमं होती, आंबे उतरवून झालेली. फाटकाशी मी थांबलो आणि विचारलं, "टाच वर टाकायची हे तुला कुणी सांगितलं होतं?"

"तू," तो म्हणाला.

"मग?"

"चढलो त्याच दिवशी कळलं मला. वर पोचायच्या आधीच कळलं."

"आणि बोलला नाहीस."

"डेप्युटी होते समोर. सगळे होते. काय बोलणार?"

"नंतर?"

"नंतर उशीर झाला. रोज वाटायचं, आज जाऊन सांगू. मग वाटायचं, आता सांगितलं तर हा विचारेल काल का नाही सांगितलंस." त्याने फाटकाची कडी काढली, पुन्हा लावली. "तुला राग आहे अजून."

मी म्हटलं, "ओटीवर माणसं बसली आहेत. जा आणि त्यांना सांग. तेवढंच मागतो."

त्याने वळून ओटीकडे पाहिलं. तिथे कुणीतरी मोठ्याने हसत होतं. त्याची बायको पितळी तबकात कपबश्या घेऊन बाहेर येत होती.

"आता त्याचा काय उपयोग आहे सांग," तो म्हणाला. "त्यांना त्या दगडाचं काय. मुलं आहेत घरात, त्यांनाही मी…" तो थांबला. "चहा घेऊन जा. तिने तुझ्यासाठीच केलाय."

तेवढ्यात तिनेही हाक मारली, "भाऊजी, असे कसे निघालात? चहा झालाय." तिचा काही दोष नव्हता. तिला काय कारण सांगून नाही म्हणणार? मी परत जाऊन ओटीवर बसलो आणि चहा घेतला. पाहुण्यांनी विचारलं तिकडे पाऊस किती पडतो, मी सांगितलं. मित्राने जवळ बसून माझ्या कपात आणखी थोडं दूध घातलं. त्याच्या मुलाला त्याने माझ्या पाया पडायला लावलं, आणि मी त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. सगळं रीतीप्रमाणे झालं.

तो मला मोटारीपर्यंत सोडायला आला. नको म्हटलं तरी माझी पिशवी त्याने उचलली. वाटेत त्याने बायकोची चौकशी केली. मी म्हटलं, बरी आहे. ती विहिरीवर अजून दुपारीच जाते, हे मी त्याला सांगितलं नाही. बदलीसाठी कुणाकडे शब्द टाकायचा असेल तर सांग, असंही तो म्हणाला. त्याला खरंच काहीतरी करायचं होतं. एक गोष्ट सोडून वाटेल ते करायची त्याची तयारी होती.

मोटार भरायला वेळ लागला. त्याने टपावर माझी पिशवी नीट बांधून घेतली, ड्रायव्हरला मला पुढची जागा द्यायला सांगितलं आणि सुटेपर्यंत उन्हात उभा राहिला. मी पलीकडच्या बाजूला तोंड करून बसलो होतो.